बारा अधिक तीन फ

१

थोरल्या मुलानं त्या सकाळी स्वतःचं ताट स्वतः उचललं, आणि मोठीआई हातातली भाकरी तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

केस पिकायला लागले तरी ज्याला खांद्यावरचा टॉवेल घरभर शोधायला लागतो, तो हा माणूस. जेवण झालं की ताटाकडे पाठ फिरवायची आणि ढेकर देत बाहेर पडायचं, ही त्याची जन्माची रीत. आणि आज ताट उचललं, विसळलं, पालथंसुद्धा घातलं. वर चौकशी, "आई, गुडघा कसा आहे गं तुझा?"

"गुडघा जागच्या जागी आहे," ती म्हणाली. "तुझं काय बिघडलंय?"

तो हसला. तेही तिला आवडलं नाही. मुलगा गोड वागायला लागला की आईनं आनंदानं फुलून जावं असं लोक म्हणतात, पण लोकांना काय जातंय म्हणायला? ती ह्याला पाळण्यापासून ओळखत होती.

ती अंगणात आली आणि तिथंच थबकली.

औषधांच्या कारखान्यासाठी केलेल्या बरण्या जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. परवा भाजल्या, काल भट्टी निवायला ठेवली आणि आज उजाडताच थोरल्यानं एकट्यानं तिचं मातीनं लिंपलेलं दार फोडून माल बाहेर काढला होता. जवळची बरणी तिनं उचलली, बोटानं टिचकी मारली. चांगली बरणी घंटेसारखी बोलते. ही थप्प करून गप्प बसली. तोंडापासून पोटापर्यंत बारीक चीर गेली होती. दुसरीही तशीच. तिसरीही.

"सगळ्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या, आई."

तिच्या नवऱ्यानं उभा केलेला आणि धाकट्या मुलानं नावारूपाला आणलेला हा मातीच्या भांड्यांचा कारखाना. धाकटा वारल्यापासून त्याची बायको भांड्यांना झिलई चढवण्याचं काम बघत होती, म्हणून गिऱ्हाईक टिकून होतं. अख्खी भट्टी वाया गेल्याचं मोठीआईनं कधी पाहिलं नव्हतं.

ती तडक तेलाच्या टाकीपाशी गेली. शाळेशी तिचं फारसं जमलं नव्हतं, पण आकडे तिला कधी घाबरवू शकले नाहीत. टाकीच्या बाहेर काचेची उभी नळी होती आणि तिच्यावर रंगानं मारलेल्या खुणा. भट्टी पेटवण्याआधी आणि विझवल्यावर त्या खुणा बघून हिशेब ठेवायचं काम तिचंच. परवा सकाळी तिनं खूण पाहिली होती. डोळ्यांतल्या औषधानं काल राहून गेलं होतं, आज पाहिली. मध्ये चोपन्न खुणा तेल उतरलं होतं.

"एवढं?" ती मागे वळली. "दहा फळ्यांच्या मालाला एवढं तेल?"

कोपऱ्यात भट्टीतल्या उरलेल्या फळ्यांची चळत होती. माल ज्यांच्यावर रचतात त्या भाजक्या मातीच्या जाड फळ्या. तिथून मांजरी फिसकारली. मागच्या आठवड्यात तिथं व्याली होती, तेव्हापासून कुणाला जवळ फिरकू देत नव्हती. "तू गप गं," मोठीआई तिच्यावर खेकसली. राग भलत्याचाच होता.

परवाचा दिवस तिला आठवला. ती धाकटीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला, सोबत घेऊन स्वतःचे डोळे दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. दिवस तिथंच गेला. दिवेलागणीला परत आली, तेव्हा डोळ्यांत घातलेल्या औषधानं सगळं जग दुधात बुडल्यासारखं दिसत होतं. उंबऱ्यात तोल गेला म्हणून भट्टीच्या भिंतीला पाठ टेकून ती क्षणभर उभी राहिली होती. थोरला बर्नरजवळ होता, जिथं एरवी भट्टी राखणारे म्हातारे भट्टीकाका असायचे. म्हणाला, "भट्टीकाका तापानं फणफणले होते, आत्ताच घरी पाठवलं. रात्री मी जागतो." आणि खरंच जागला. तिला केवढं भरून आलं होतं.

"कुणी तेल चोरलं म्हणावं," ती म्हणाली, "तर झाकणाला कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात."

"चोरी नाही, आई." थोरला शांतपणे म्हणाला. "तेल कुठं गेलं ते भिंतीवरच लिहिलंय. आणि लिहिणारी घरातलीच आहे. मी तिच्या भावाला फोन केलाय. संध्याकाळी गाडी घेऊन येतो तो. तिला घेऊन जाईल."

२

भट्टीच्या खोलीतल्या भिंतीवर धाकटीच्या हातानं कोळशानं लिहिलेलं होतं: तेल = १२ + ३ फ.

पूर्वी भाजताना मधेच तेल संपायचं आणि धावपळ व्हायची. धाकटीनं बऱ्याच भट्ट्यांच्या खुणा बघून हे लिहून ठेवलं. मोठीआईनं त्याला कधी मान दिला नव्हता. आकड्यांच्या पंगतीत अक्षर कशाला येऊन बसतं, असं तिचं म्हणणं.

थोरल्यानं धाकटीला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. हात झिलईनं पांढरे झाले होते.

"हे तूच लिहिलंस ना?"

"हो, दादा."

"मग ऐक. चोपन्न तेल गेलं. त्यातून तुझे बारा वजा कर. उरले बेचाळीस. एका फळीला तीन, म्हणजे किती फळ्या झाल्या?"

धाकटी भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत राहिली. बेचाळीसला तीननं भागायला तिला वेळ लागत नव्हता.

"चौदा!" थोरला आईकडे वळला. "आपण सगळ्यांनी मिळून दहा रचल्या होत्या. ह्या बाईनं नंतर गुपचूप चार घुसवल्या. हिचे ते पेले, जे ही दुकानात देते. सकाळी मी दार लिंपलं तेव्हा आत वाकून बघितलं नाही, ती माझी चूक. भट्टी कोंबली गेली, आच सारखी फिरली नाही, आणि बरण्या तडकल्या. आज दार फोडलं तेव्हा तिचे पेले पाहिले आणि रागानं नाल्यात फेकून दिले. तिच्याच गणितानं ती सापडली, आई."

मोठीआईनं सुनेकडे पाहिलं. "बोल की."

"गणित बरोबर आहे, आई," धाकटी हळू म्हणाली. "पण मी फळ्या ठेवल्या नाहीत."

"दोन्ही कसं खरं असेल?" थोरला म्हणाला.

 धाकटीची नजर बर्नरजवळच्या रिकाम्या स्टुलावर गेली. तिथं भट्टीकाका बसायचे. अजून तापानं घरीच होते. मग तिनं मान खाली घातली आणि सामान बांधायला आत निघून गेली.

खोटं बोलणारी बाई स्टुलाकडे कशाला बघेल? मोठीआईच्या डोक्यात ते कुसळासारखं अडकून बसलं.

३

धाकटीच्या खोलीत पेटी उघडी होती. नवऱ्याचे दोन सदरे तिनं सर्वांत खाली ठेवले होते. माहेरी म्हातारे वडील, भावाचा संसार, आणि तिथं चाक नाही, माती नाही, भट्टी नाही. तिथं जाऊन ती काय करणार हे न सांगता कळत होतं.

मोठीआई पलंगावर दाणकन बसली.

"मला ते भिंतीवरचं समजावून सांग."

"आता कशाला, आई?"

"जाणारच आहेस तर शिकवून जा. तो फ कोण? पाहुणा आहे का घरचा?"

एवढ्या दुःखातही धाकटीच्या ओठांच्या कडा हलल्या. "फ म्हणजे फळ्या. ज्या दिवशी जेवढ्या रचाल, तेवढा आकडा तिथं ठेवायचा. आज सहा, उद्या दहा."

"मग सरळ आकडाच लिहायचा."

"आज लिहिला तर उद्या खोटा पडेल. कधी किती रचणार ते आधी माहीत नसतं ना, म्हणून त्याची जागा राखून ठेवायची."

"म्हणजे पंगतीतलं रिकामं पान. जो येईल तो बसेल."

"अगदी तसंच."

"आणि तीन?"

"एका फळीवरचा माल भाजायला लागणारं तेल. फळी वाढली की तीन वाढले."

"बरं. आणि हा बारा? हा कुणाच्या लग्नाचा?"

"बारा फळ्यांवर नसतात, आई. भट्टी थंड असते. तिच्या विटा, तिचं पोट आधी तापवायला लागतं. आतलं तोंड लाल होईपर्यंत बारा जातात. एक फळी असो की दहा, भट्टी पेटवली की बारा गेलेच."

"म्हणजे भट्टीची स्वतःची भूक." मोठीआईनं मान डोलावली. हे तिला पटलं. असली भूक तिनं संसारात पुष्कळ पाहिली होती. "दहा फळ्यांना किती व्हायला हवं होतं?"

"तीस आणि बारा. बेचाळीस."

"गेले चोपन्न. बारा जास्त."

"हो."

"थोरला म्हणतो, बारा म्हणजे चार फळ्या."

"तसंही वाचता येतं."

"फळ्या आपल्याकडे आहेत किती?"

"एकूण चौदा. दहा भट्टीत आणि चार..."

धाकटी थांबली. मोठीआईही थांबली. दोघींनी एकाच वेळी दाराबाहेर पाहिलं. कोपऱ्यातल्या त्या चार फळ्यांच्या चळतीवर मांजरी आडवी पडली होती आणि डोळे न उघडलेली पिल्लं तिच्या पोटाशी लुचत होती.

"मागच्या आठवड्यापासून ती तिथं आहे," मोठीआई सावकाश म्हणाली. "मी नुसती जवळ गेले तर माझ्यावर फिसकारते. तिच्या खालून कुणी फळ्या काढल्या, भट्टीत भाजल्या, पुन्हा रचल्या आणि वर पिल्लं मांडून ठेवली म्हणायचं का?"

धाकटीनं ओठ दाबले.

"म्हणजे फ दहाच. मग हे बारा कुठनं आले?" मोठीआईनं सुनेची हनुवटी धरून चेहरा वर केला. "तू एवढी हुशार, तुला हे माझ्या आधी कळलंय. मग गप्प का राहिलीस?"

"मला नका विचारू, आई." धाकटीचे डोळे भरले. "मी गेले तर एक माणूस जाईल. मी बोलले तर दुसरा जाईल, आणि त्याला तर जायला घरसुद्धा नाही."

४

भट्टीकाका कारखान्याच्या मागच्या खोलीत राहायचे. तीही मोठीआईच्याच मालकीची. ती दारात उभी राहिली तसे ते अंगावरचं पांघरूण सावरत उठून बसले. ताप उतरला होता, पण तोंड उतरलेलं होतं.

"बरण्या गेल्या, काका."

"कळलं, मोठीआई." त्यांनी पांघरूण बाजूला केलं. "माझी चूक. मला डुलकी लागली आणि भट्टी विझली. मला काढून टाका. धाकट्या बाईंना नका पाठवू."

मोठीआई आत आली आणि त्यांच्या उशाशी बसली.

भट्टी विझली! चोपन्नचा दुसरा अर्थ तिच्यासमोर लख्ख उभा राहिला. थंड भट्टीची भूक एकदा नाही, दोनदा भागवली होती. बारा, मग परत बारा, आणि तीस. पण म्हाताऱ्याचा चेहरा तिला पटेना. चूक कबूल करणारा माणूस हलका होतो, हा तर जड होत चालला होता.

"बरं, विझली," ती म्हणाली. "मग परत पेटवली कशी? विझलेल्या भट्टीत न जळलेल्या तेलाची वाफ साठते, लगेच काडी लावली तर भडका उडतो. तुम्हीच पोरांना शिकवलंत. धुराड्याची झडप उघडून आधी हवा खेळवायची. किती वेळ खेळवलीत?"

"खेळवली... थोडा वेळ."

"झडपेची साखळी तुटलीय म्हणे. मग कशानं उघडलीत?"

"काठीनं," काका चटकन म्हणाले.

"साखळी धडधाकट आहे, काका."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले.  

"तुम्ही तिथं नव्हतातच," मोठीआई म्हणाली. "कधी निघालात?"

"सकाळीच. भट्टीचं तोंड लाल झालं होतं. मी निघताना नळी बघतो, सवय आहे. बारा उतरलं होतं. दादा म्हणाले, ताप आहे, घरी जा. धाकट्या बाई डॉक्टरकडून येतच आहेत, त्या बघतील. मी गेलो. आज ऐकलं, माल फुटला आणि तेल जास्त गेलं. मला वाटलं, बाईंच्या हातून विझली असेल. पोर आधीच एकटी. म्हणून म्हटलं, आपल्या अंगावर घ्यावं."

मोठीआईला हसावं की रडावं कळेना. तिकडे सून म्हाताऱ्यासाठी पेटी बांधत होती, इकडे म्हातारा सुनेसाठी नोकरी सोडायला निघाला होता. आणि दोघांच्या मधल्या गप्पपणात कुणीतरी आरामात पाय पसरून बसलं होतं.

"काका, आम्ही डॉक्टरकडून दिवेलागणीला आलो."

काकांनी डोळे उघडले. "मग दिवसभर भट्टीपाशी कोण होतं?"

५

थोरला अंगणात बरण्या एका बाजूला लावत होता. न सांगता. हेही नवीनच.

"आत चल," मोठीआई म्हणाली. तिनं धाकटीलाही बोलावलं आणि काका भिंत धरत मागून आले. भट्टीच्या खोलीत त्या कोळशाच्या अक्षरांखाली ती उभी राहिली.

"काकांना किती वाजता घरी पाठवलंस?"

"सांगितलं की. तुम्ही यायच्या जरा आधी."

"काका?"

"सकाळी, दादा," म्हातारा म्हणाला. "तोंड लाल झाल्यावर. आठवा."

धाकटीनं चमकून काकांकडे पाहिलं. तिला वाटत होतं ते दिवसभर तिथंच होते.

"तापात होते, कशाचं भान नव्हतं त्यांना," थोरला म्हणाला. "भट्टी सकाळपासून धडधडत होती. मी शेजारीच होतो."

"असं?" मोठीआई भट्टीकडे वळली आणि तिनं पाठ भिंतीला टेकली. "परवा मी आले तेव्हा अशीच टेकले होते. आठवतं? तोल गेला म्हणून."

"तुला तेव्हा काही दिसत नव्हतं, आई. डोळ्यांत औषध होतं."

"औषध डोळ्यांत घातलं होतं रे, पाठीत नाही." तिचा आवाज चढला नाही. त्यानंच थोरल्याचा चेहरा उतरला. "सकाळपासून पेटलेल्या भट्टीच्या भिंतीला दिवेलागणीला कुणी टेकून दाखवावं. लुगडं करपेल. मी टेकले, दम खाल्ला आणि वर तुझं कौतुक केलं. भिंत जेमतेम कोमट होती. सकाळी पेटलेली भट्टी संध्याकाळी कोमट कशी राहील?"

थोरल्यानं भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. "पण चौदा फळ्या—"

"चार फळ्यांवर मांजर व्यालीय. जा, उचलून बघ तिला. हात शाबूत राहिला तर मी तुझं मानते." ती भिंतीकडे फिरली आणि बारा ह्या आकड्यावर तिनं तळवा ठेवला. "फ दहाच होता. तू नको तिथं वाढवलास. वाढला होता तो हा. काका गेले तेव्हा बारा उतरलं होतं. पाठोपाठ तू गेलास, भट्टी विझली. परतून आलास, झडप उघडून हवा खेळवलीस, अजून तापलेल्या बरण्यांच्या अंगावर गार वारा गेला, तिथंच त्या तडकल्या आणि भट्टीही पार निवली. मग भट्टी परत पेटवलीस. तिनं परत बारा खाल्ले. मग दहा फळ्यांचे तीस. धाकटे, झाले का चोपन्न?"

"झाले, आई."

 थोरला स्टुलावर बसला. एवढा मोठा बाप्या, स्टुलावर बसून गुडघ्यांकडे बघत राहिला.

"काका गेल्यागेल्या न्याहारीला गेलो होतो," तो अखेर म्हणाला. "जरा पाठ टेकली. जरा म्हणता म्हणता... तेल अडकलं असेल, हवा बंद पडली असेल, मला काय ठाऊक. आलो तर भट्टी विझलेली. वाटलं, परत पेटवली तर कळणार नाही. आज दार फोडलं तर बरण्या गेलेल्या, आणि तू नळी बघणार हे ठाऊक होतं."

"आणि हिचं नाव घेतलंस."

"काय सांगणार होतो तुला?" त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "तू म्हणाली असतीस, धाकटा असता तर विझली नसती. प्रत्येक भट्टीला तेच. तो गेला तरी भट्टी त्याचीच."

"म्हणाले असते," मोठीआई म्हणाली. "आणि तुला ऐकून घ्यावं लागलं असतं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. धाकटीचा भाऊ आला होता. धाकटी जागची हलली नाही. तिची बांधलेली पेटी दारातून दिसत होती.

मोठीआईनं गळ्यातून किल्लीचा दोरा काढला, सुनेच्या गळ्यात घातला आणि पदर नीट केला. "पेटी सोड. सदरे जागेवर ठेव." मग अंगणात जाऊन तिनं सर्वांत वाईट तडकलेली बरणी उचलली, परत आली आणि ती थोरल्याच्या मांडीवर ठेवली.

"आता माझं ऐक," ती म्हणाली. "भट्टी विझली म्हणून मी तुला काही म्हणत नाही. भट्टी विझते. धाकट्याच्या हातूनही एकदा विझली होती. तुला माहीत नाही, कारण त्यानं येऊन मला सांगितलं आणि मी ते कुणाला कळू दिलं नाही. तूही सांगितलं असतंस तर तुझंही माझ्या पोटात राहिलं असतं. पण तू ते बारा उचललेस आणि नवरा गेलेल्या बाईच्या माथ्यावर ठेवलेस, तेही तिच्याच अक्षरात. ह्याला मी चूक म्हणत नाही. बाहेर गाडी उभी आहे, माणूस न्यायला आलीय, ती रिकामी जायची नाही. ही बरणी घे, तिच्या भावाशेजारी बस आणि औषधांच्या कारखान्याच्या दारात उतर. सांग, ही मी फोडली. वाटेत त्या भावालाही सांग, त्याच्या बहिणीवर काय घातलं होतंस ते. मग परत ये. ह्या स्टुलावर बसायचं आणि धाकटी सांगेल तेव्हा उठायचं. जेवायला मी वाढीन. आणि एक सांगते, ताट उचलू नकोस. ताट मी उचलेन. मला माझा तोच आळशी मुलगा परत हवाय, हा ताट विसळणारा माणूस मी जन्माला घातलेला नाही."